चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये

“हे जरा धरा. धरा, पण हात लावू नका,” असं म्हणून लिफ्टमामांनी तो डबा माझ्या तळहातावर ठेवला आणि ते तळमजल्याच्या वीजपेटीकडे गेले. लिफ्टमधला पंखा सकाळपासून कुरकुरत होता, आणि त्याचा सोक्षमोक्ष लावल्याशिवाय मामांना चैन पडणार नव्हतं.

धरायचं पण हात लावायचा नाही, हे जमवायचं कसं, ते विचारायला मामा जवळ नव्हते. गरम बशी धरावी तसा मी तो डबा बोटांच्या टोकांवर तोलून उभा राहिलो. हातात मावणारा, निळ्या प्लास्टिकचा, व्हिडिओ गेम खेळायचा डबा होता तो. एक कोपरा तडकलेला, आणि त्यावर दवाखान्यात सलाइनची सुई हाताला चिकटवतात ती पांढरी पट्टी गुंडाळलेली. घाईत तो बंद करायचा राहिला होता; आतून बारीक आवाजात संगीत चाललं होतं.

तेवढ्यात पडदा अंधुक झाला. मला वाटलं, संपली बॅटरी. मामांची वस्तू आपल्या हातात बंद पडायला नको, म्हणून मी एक बटण दाबलं. पडद्यावर चौकट आली. चौकटीत परक्या भाषेत दोन ओळींचा प्रश्न, आणि त्याखाली ‘हो’ आणि ‘नाही’. मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत बावीस वर्षं लोकांच्या तक्रारींना उत्तरं देतो. प्रश्न न वाचता उत्तर देणं हा माझ्या हातचा मळ. मी ‘हो’ दाबलं. डब्याने पुन्हा काहीतरी विचारलं. मी पुन्हा ‘हो’ दाबलं आणि प्रकरण निकाली काढलं.

संगीत थांबलं. मग दुसरंच सुरू झालं. मोठ्या आवाजात, उड्या मारत, शाळा सुटल्यासारखं.

मामा परत येत होते. ते जाळीच्या दाराबाहेरच थबकले. त्यांच्या हातात पेचकस होता. तो त्यांनी सावकाश खिशात घातला, आत आले, माझ्या हातातून डबा घेतला, डोळ्यांपासून लांब धरून पाहिला, मग कानाशी नेऊन ऐकला.

“काय दाबलंत?”

“हो दाबलं,” मी म्हणालो.

“किती वेळा?”

“दोनदा.”

त्यांनी दार ओढलं, दांडा फिरवला. लिफ्ट वर निघाली. एरवी मला उतरवताना मामा “चला पाचवे, उतरा” म्हणायचे. त्या दिवशी म्हणाले, “पाचवा मजला, साहेब.”

हे ‘पाचवे’ काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. मामांना आमच्या इमारतीतल्या कोणाचंही नाव माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायची त्यांना गरजही वाटली नाही. माणूस ज्या मजल्यावर उतरतो ते त्याचं नाव. मी पाचवे. नोंदणी खात्यातल्या बाई म्हणजे सहाव्या बाई. एकदा सगळ्यात मोठे साहेब लिफ्टमध्ये आले, तर मामा त्यांनाही “या सातवे, आज उशीर?” म्हणाले, आणि साहेबांनी उशिराचं खरं कारण सांगून टाकलं. मामांच्या लिफ्टमध्ये लोक खरं बोलत. ती जागाच तशी होती: लोखंडी जाळीची चौकोनी पेटी, एक स्टूल, टोपीला एक खुंटी, आणि पितळेचा एक दांडा, मामांच्या तळव्याने घासून घासून सोन्यासारखा झालेला. जिना लिफ्टच्या भोवतीने गोल वर जायचा. त्यामुळे लिफ्टमधला माणूस जिन्यावरच्या माणसाशी जाळीतून बोलू शकायचा, आणि मामा चालत्या लिफ्टमधून जिन्याने जाणाऱ्यांची खबर घ्यायचे. “काय सहाव्या बाई, पोट कमी करताय? करा, करा. माझं वजन वाचतं.”

“तुमच्या लिफ्टपेक्षा मी आधी पोचते, म्हणून जिन्याने जाते,” बाई सुनवायच्या.

मामांचा डावा गुडघा कामातून गेलेला. चालताना तो पाय ते फरफटत न्यायचे. म्हणूनच बहुधा देवाने त्यांना बसून वर-खाली करायची नोकरी दिली, असं ते स्वतःच म्हणायचे.

या लिफ्टची एक रीत होती. रोज दुपारी अडीच वाजता ती चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये थांबायची. दहा मिनिटं. बिघाड नाही, काही नाही, मामाच थांबवायचे. इमारतीत त्याला ‘लिफ्ट जेवायला गेली’ म्हणत. नवा माणूस तणतणायचा, जुने त्याला जिना दाखवायचे. कोणी तक्रार केली नाही. केली असती तरी उत्तर मीच लिहिलं असतं.

माझं टेबल पाचव्या मजल्यावर, लिफ्टच्या भिंतीला लागून. त्या दहा मिनिटांत त्या भिंतीतून एक धून यायची. तीन सूर चढायचे, चौथ्यावर जरा थबकायचे, मग एकेक पायरी खाली उतरायचे. आणि शेवटची पायरी उतरायच्या आत पुन्हा चढायला लागायचे. बासरीसारखं काहीतरी, तारेसारखं काहीतरी. पाच वर्षं मी ती ऐकत होतो. ती सुरू झाली की मी पेन खाली ठेवायचो. का, ते मला सांगता येणार नाही. त्या दहा मिनिटांत मी एकाही माणसाला ‘आपली तक्रार विचाराधीन आहे’ असं लिहिलं नाही, एवढं मात्र खरं.

ती धून काय होती, हे मी पुसून टाकल्यानंतर मला कळलं. सांगितलं सहाव्या बाईंनी, जिन्यात गाठून.

“तुमचे हात आहेत का पाय?” त्या म्हणाल्या. “मुलीचं होतं हो ते.”

मामांना एक मुलगी होती. मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या दुकानात काम करायची. तोंडाने फटकळ, पायाने वाऱ्यासारखी. बापलेक रस्त्याने निघाले की ती वीस पावलं पुढे, मग वळून कमरेवर हात ठेवून उभी. मामा पोचले की पुन्हा वीस पावलं. पहिल्या पगारातून तिने तो डबा कोणाचा तरी जुना म्हणून घेतला. विसाव्या वर्षी ती आजारी पडली. रक्ताचा आजार. सात महिने दवाखान्यात होती.

त्या सात महिन्यांत मामा रात्रपाळीच्या रखवालदारासारखे तिच्या खाटेमागच्या बाकावर असायचे. तिची पाठ त्यांच्याकडे, कारण सुई उजव्या हाताला, म्हणून ती डाव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून. ती खेळायची, मामांना फक्त ऐकू यायचं. पडद्यावर काय चाललंय ते त्यांनी कधी धड पाहिलं नाही. ती माणसं मोहरीएवढी, आणि मामांचा चष्मा घरी. ती अधूनमधून पुटपुटायची, “चल रे म्हाताऱ्या, चल लवकर.” मामा बाकावरून उठायचे. “कुठं जायचंय?” ती हसायची. “तुम्हाला नाही हो, बाबा. बसा.” हे दिवसातून चारदा. मामा दर वेळी उठायचे.

मग ती खेळात एका तळ्याकाठी पोचली आणि तिथेच राहिली. तिथे ही धून वाजायची. पुढे एक शेवटची लढाई होती. तिने ती लढलीच नाही. मामांनी एकदा विचारलं, “पुढे का जात नाहीस?” तर म्हणाली, “पुढे गेलं की खेळ संपतो. इथं बरं आहे. शेकोटी आहे.”

डब्याचा आवाज चालू आहे म्हणजे पोरगी जागी आहे, एवढं मामांना कळायचं. त्यामुळे इतरांचं होतं त्याच्या उलट व्हायचं. धून चालू असली की त्यांना झोप लागायची, आणि थांबली की दचकून जाग यायची. एका सकाळी अशीच जाग आली.

घरात मामींना तो आवाज सहन होईना. “माझ्या कानावर तो पडला तर मी राहणार नाही,” असं त्या म्हणाल्या, आणि मामांना त्यावाचून राहवेना. म्हणून डबा लिफ्टमध्ये आला. अडीचची वेळ, वरखाली माणूस नाही, दोन मजल्यांच्या मधली जागा. डबा सुरू केला की तिने जिथे ठेवला होता तिथूनच तो उघडायचा: तळं, शेकोटी, धून. मामा तो शर्टाच्या वरच्या खिशात ठेवायचे, पडदा छातीकडे, आणि डोळे मिटायचे. दहा मिनिटांनी बंद. पाच वर्षांत त्यांनी एकही बटण दाबलं नाही, चालू-बंदचं सोडून.

आणि जुना खेळ पुसून नवा सुरू करायचा का, या प्रश्नाला मी दोनदा ‘हो’ म्हणालो होतो.

त्यानंतर अडीचला लिफ्ट थांबेना. ती आपली वर-खाली होत राहिली, आणि माझ्यामागची भिंत गप्प झाली. मामा मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते मला ‘साहेब’ म्हणत राहिले. बावीस वर्षांत कचेरीने मला जी बढती दिली नव्हती ती मामांनी एका मिनिटात दिली, आणि ती परत कशी करायची हे कोणत्याही नियमात सापडत नव्हतं.

मी गप्प बसणाऱ्यांतला नाही, हाच माझा दोष. मोबाइलवर शोधून शोधून तीच धून काढली. कोणीतरी त्या खेळातली सगळी गाणी इंटरनेटवर टाकली होती. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये, दुसरं कोणी नाही असं पाहून, मोबाइल मामांच्या कानाशी धरला. तीन सूर चढले, थबकले, उतरले.

मामांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग मान हलवली.

“यात ते नाही.”

“काय नाही? तीच तर आहे.”

“आहे तीच. पण यात ते नाही.”

“म्हणजे नक्की काय, मामा?”

“मला काय सांगता येतंय, साहेब? मी काय गवई आहे?” त्यांनी दार ओढलं. “पाचवा मजला.”

मला वाटलं, आवाज मोबाइलचा म्हणून असेल, किंवा दुःख दुःखच असतं, त्याला कोणतीही धून कमीच पडायची. असे मोठे विचार मला चटकन सुचतात. त्यातला एकही बरोबर नव्हता.

मग दोन गोष्टी एकदमच झाल्या. तळमजल्यावर सूचना लागली की वर्षअखेर जुनी लिफ्ट काढून बटणांची नवी बसणार, आणि सध्याच्या चालकांस त्याच दिवशी निवृत्त करण्यात येणार. आणि ती सूचना वाचून झाल्यावर मामांनी मला गाठलं.

“त्या तळ्यापर्यंत पुन्हा जायचं तर काय करावं लागतं?”

“सुरुवातीपासून खेळावं लागतं.”

“किती दिवस?”

मी चौकशी केली होती. “ज्याला येतं त्याला तीस-चाळीस तास.”

“आणि ज्याला येत नाही त्याला?”

मामांनी खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली. “लिफ्टसुद्धा मला येत नव्हती,” ते म्हणाले.

आता मदत करणं माझ्याकडे आलं. त्या खेळाची कोणीतरी लिहिलेली वाटाडी पोथी मला इंटरनेटवर मिळाली. कुठे वळायचं, कोणाशी बोलायचं, सगळं. परक्या भाषेत होती. मी तिचं मराठी केलं, कचेरीच्या कागदावर, दोन्ही बाजूंना समास सोडून. पण बावीस वर्षांची सवय बोटांतून जाते कुठे. ‘पुलापलीकडील गुहेत प्रवेश करण्यापूर्वी मशाल सोबत असल्याची खातरजमा करावी.’ ‘सदर अस्वलाशी वाद घालू नये.’ जिथे मला मजकूर फार पाल्हाळिक वाटला तिथे तो गाळला. देखावे, संगीत, शेकोटीशी बसून कोण काय करतं, असलं काहीबाही. उपयोगाचं तेवढंच ठेवलं. एकतीस पानं झाली. मामा ती स्टुलाखाली ठेवायचे आणि मजल्यामजल्याला एकेक ओळ वाचायचे.

त्यांचं खेळणं हा इमारतीचा विषय झाला. मामांची बोटं दांड्याला सरावलेली. ती इवलीशी बटणं ते दारावरच्या घंटीसारखी दाबायचे. त्यांचा तो मोहरीएवढा वीर पहिले तीन आठवडे एकाच नदीत बुडत होता. लिफ्टचं दार उघडलं की लोक आधी विचारायचे, “ओलांडली का?” मामा खिन्नपणे मान हलवायचे. सहाव्या बाई तर जिना सोडून लिफ्टने यायला लागल्या. “जरा लांबून उडी मारा ना.” “बाई, गुडघा माझा गेलाय, त्याचा नाही. पण त्याला ते पटत नाही.” ज्या दिवशी नदी ओलांडली त्या दिवशी मामांनी लिफ्ट एकदा उगाचच सातव्यापर्यंत नेली आणि परत आणली.

एका चौरस्त्यावर दगडावर एक म्हातारा बसला होता. गळ्यात ढोल. वीर जवळ गेला की तो उठून उभा राही. मामांनी डबा लांब धरून पाहिलं.

“हा कोण?”

मी पान काढून दिलं. बारावं. तिथे मी लाल शाईने अधोरेखित केलं होतं: ‘वृद्ध ढोलवादकास सोबत घेऊ नये. तो संथ चालतो व त्यामुळे प्रवासास विलंब होतो.’

“एकटाच बसलाय बिचारा,” मामा म्हणाले.

“मामा, त्याला घेतलं तर दर चार पावलांना थांबावं लागेल. वर्षअखेर लिफ्ट जातेय. कोणीच घेत नाही त्याला.”

मामांनी गुडघा चोळला. पडद्याकडे जरा वेळ पाहिलं, आणि पुढे गेले. पुढचा पूल वीर पलीकडे गेल्यावर कोसळला. परतीची वाट बंद.

पाच महिने लागले. एका दुपारी मी टेबलावर असताना मागून जाळी वाजली. मामा लिफ्ट घेऊन आले होते. “चला,” एवढंच म्हणाले. मी आत गेलो. त्यांनी चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये दांडा सोडला. घड्याळात अडीच. पाच महिन्यांनी लिफ्ट जेवायला थांबली होती.

डब्यात तळं होतं. शेकोटी होती. शेकोटीपाशी वीर, बासरीवाली एक मुलगी आणि तारांचं वाद्य घेतलेला एक जाडा माणूस, वाटेत सोबत घेतलेले. ते खाली बसले आणि वाजवायला लागले. तीन सूर चढले. चौथ्यावर थबकले. उतरायला लागले.

मामांनी डबा खिशात ठेवला, पडदा छातीकडे. डोळे मिटले. मी जिन्याच्या पायऱ्या मोजायला लागलो.

बराच वेळ गेला. डोळे न उघडताच मामा म्हणाले, “यात ते नाही.”

माझा पायऱ्यांचा हिशेब चुकला.

“हे मोबाइलातल्यासारखंच आहे, साहेब. सगळं आहे. पण तिच्यात…” त्यांनी हात पुढे केला, आणि बोटाच्या पेराने लिफ्टच्या लाकडी पट्टीवर वाजवलं. धप्. थांबले. धप्. धुनीच्या जरा मागून, पाय ओढत आल्यासारखं. चौथा सूर थबकायचा तिथे ते येऊन पोचायचं, आणि मग सूर खाली उतरायचे. मी पाच वर्षं भिंतीपलीकडून हेच ऐकलं होतं. सूर कोणाची तरी वाट बघायला थबकतात हे मला कधी कळलं नाही. मला वाटायचं, त्यांची चालच तशी.

मामांची बोटं थांबली. त्यांनी डोळे उघडले आणि डबा खिशातून काढून त्या शेकोटीकडे पाहिलं. तिथे बासरी होती, तारा होत्या.

“त्या म्हाताऱ्याकडे ढोल होता ना?” ते म्हणाले.

“होता.”

“कागदात काय होतं त्याचं? वाचा.”

“मामा…”

“वाचा.”

मी बारावं पान काढलं. स्वतःचं अक्षर इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. “‘वृद्ध ढोलवादकास सोबत घेऊ नये. तो संथ चालतो व त्यामुळे…’”

“पुरे.”

चौथ्या मजल्यावर कोणीतरी घंटी दाबत होतं. मामांनी लक्ष दिलं नाही.

“वाऱ्यासारखी चालायची हो,” ते म्हणाले, माझ्याशी नाही. “दुकानात रांगेत दोन माणसं असली तरी निघून यायची. आणि त्याला तेवढा घेतला. चार पावलं जायचं आणि थांबायचं. चार पावलं आणि थांबायचं. सलाइन लावलेल्या हाताने. चल रे म्हाताऱ्या, चल रे म्हाताऱ्या… मी आपला उठायचो.”

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मोठ्या माणसाला रडताना बघायचं नसतं म्हणून मी जाळीतून जिन्याकडे बघितलं. जिन्यात सहाव्या बाई उभ्या होत्या. त्या पण दुसरीकडेच बघत होत्या.

थोड्या वेळाने मामांनी डबा सुरुवातीच्या चौकटीवर आणला. मला तो दोन ओळींचा प्रश्न ओळखू आला.

“मामा, सगळं पुसलं जाईल. पाच महिन्यांचं. आणि आता दोनच महिने राहिलेत.”

“हं.”

“निदान हे असू द्या. अगदीच काही नसण्यापेक्षा…”

त्यांनी ‘हो’ दाबलं. डब्याने पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा दाबलं. ते शाळा सुटल्यासारखं संगीत सुरू झालं, आणि मामांनी लिफ्ट चौथ्यावर घेतली.

या वेळी त्यांनी माझी पानं मागितली नाहीत. वाट पाठ झाली होती. नदी पहिल्या दिवशी ओलांडली. चौरस्ता दहाव्या दिवशी आला. म्हातारा दगडावरून उठला, आणि मामांनी त्याला बरोबर घेतलं. मग मात्र गाडी अडली. चार पावलं जायचं, वळायचं, थांबायचं. म्हातारा दिसेनासा झाला की परत जाऊन शोधायचा. अस्वल पुढ्यात असताना म्हातारा मागे दगडावर बसलेला. लिफ्टच्या मजल्यामजल्याला दार उघडताना आतून ऐकू यायचं, “चल रे म्हाताऱ्या. ये. आहे मी, ये सावकाश.” नवीन लोकांना वाटायचं, मामा स्वतःशी बोलतात. जुने काही बोलत नसत. सहाव्या बाई पुन्हा जिन्याने जायला लागल्या. लिफ्टच्या फेऱ्या कमी झाल्या तर मामांना थांबायला मिळेल म्हणून. मग बघता बघता निम्मी इमारत जिन्याने जायला लागली. मी गुडघे धरत पाच मजले चढायचो. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं.

डिसेंबर संपत आला. नव्या लिफ्टचे खोके तळमजल्यावर येऊन पडले. माणसं टेप घेऊन मापं घेऊन गेली. मामा पूल ओलांडून डोंगरात अडकले होते, आणि मी विचारायचं धाडस करत नव्हतो. ते मला अजून साहेबच म्हणत होते.

शेवटच्या दिवशी कचेरीने मामांना एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. सातव्यांनी दोन शब्द सांगितले, त्यातला एक चुकला. मामांनी घड्याळ काखेत धरलं, नमस्कार केला आणि म्हणाले, “लिफ्ट संध्याकाळपर्यंत आहे ना?” आहे, असं सांगितल्यावर ते फरफटत जाऊन स्टुलावर बसले.

अडीचला मी टेबलावर होतो. समोर एका बाईंचं पत्र होतं, तिसऱ्यांदा आलेलं. नळाला पाणी नाही. मी नेहमीची ओळ लिहायला घेतली, आणि भिंतीतून तीन सूर चढले.

पेन खाली ठेवायची आठवण राहिली नाही. ते हातातच घेऊन मी जिन्यात आलो. अर्धा जिना उतरल्यावर लिफ्ट डोळ्यांसमोर आली, दोन मजल्यांच्या मध्ये, जाळीपलीकडे. मामा स्टुलावर होते. डोळे मिटलेले, डबा खिशात, पडदा छातीकडे, कोपऱ्यावरची पांढरी पट्टी खिशातून वर आलेली. नवं घड्याळ पायाशी. सूर चौथ्यावर थबकले. धप्. मागून, पाय ओढत. धप्. आणि मग ते सगळे मिळून खाली उतरले.

मी पायरीवर बसलो. खालच्या वळणावर सहाव्या बाई बसल्या होत्या, आणि त्यांच्या खाली आणखी दोघं-तिघं. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. मामांनी डबा बंद केला नाही, आणि खालून घंटी दाबली नाही कोणी.

त्यांनी डोळे उघडले तेव्हा मी समोरच होतो. काहीतरी बोलायला हवं असं मला वाटलं. मला नेहमीच वाटतं.

“मामा,” मी जाळीतून हात आत घातला, “द्या ना जरा इकडे. कानाशी धरून नीट ऐकतो.”

मामांनी माझ्या हाताकडे पाहिलं, खिशावर आपला तळवा ठेवला, आणि म्हणाले, “तिथूनच ऐका, पाचवे.”